अभ्यासिकेत मागे राहिलेली पुस्तकं

पेठेतली_खिडकी (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका चालवतोय. सत्तर सीट आहेत, पोरं बहुतेक मराठवाडा, विदर्भ, सोलापूर-नगरकडची, कुणी राज्यसेवा, कुणी कंबाइन, कुणी पीएसआयसाठी पहाटे ग्राउंड मारून येणारा. पोरगा सीट सोडतो तेव्हा लॉकर रिकामा करून चावी देतो आणि दरवेळी काहीतरी मागे राहतं. नोट्स ज्युनिअर पोरं घेतात, अभ्यासाची पुस्तकं सेकंडहँड विकली जातात, मागे राहतात ती सेल्फ हेल्पची. या दिवाळीत माळ्यावरची साफसफाई काढली तेव्हा मोजली, एकशे चौदा निघाली. मराठी अनुवाद जास्त, काही इंग्रजी, निम्मी तर फुटपाथवरच्या पायरेटेड कॉप्या ज्यांची पानं हातात येतात.

रद्दीत द्यायच्या आधी सहज एक उघडलं आणि मग तीन आठवडे रात्री तेच करत बसलो. पुस्तकं नाही वाचली खरं तर, पोरांनी मारलेल्या रेघा वाचल्या. एकाच पुस्तकात आधी पेन्सिलीच्या रेघा, वर्ष-दीड वर्षाने त्याच पानांवर लाल पेनाने, म्हणजे पहिला अटेम्प्ट आणि तिसरा अटेम्प्ट. मला वाटलं होतं वेळेचं नियोजन, अभ्यासाच्या टिप्स असल्या ठिकाणी रेघा असतील. तिथे आहेत पण फिकट. कागद फाटेपर्यंत दाबून मारलेल्या रेघा आहेत त्या पुरुषाने कसं असावं हे सांगणाऱ्या वाक्यांखाली. आणि समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं: "आता रडायचं नाही". "मित्र कमी कर". "रिझल्ट लागेपर्यंत घरी फोन बंद". एका पानावर: "ताईच्या लग्नाला नाही गेलो तरी चालेल".

हे लिहिणारा पोरगा मला माहितीये. खरंच गेला नाही लग्नाला. त्या दिवशी अख्खा दिवस सीटवर बसून होता, संध्याकाळी मी चहाला हाक मारली तर म्हणाला सर आज टार्गेट पूर्ण करायचंय. तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. आज त्या कौतुकाची लाज वाटते.

आता माझा मुद्दा. यातली बरीच पुस्तकं 'पुरुषाने असं असावं' असं थेट म्हणत नाहीत, यश, सवयी, शिस्त यांच्याबद्दलच बोलतात. पण उदाहरणं बघा कुणाची असतात, सेनापती, सम्राट, कंपनीचा मालक, कमांडो. त्या माणसाची आई कधी आजारी नसते, त्याच्या घरात कुणी स्वयंपाक करत नाही, कपडे आपोआप धुतले जातात. पाचला उठतो, पळतो, ध्यान करतो, डायरी लिहितो, आणि या सगळ्यात त्याला घरातलं एक माणूस भेटत नाही. अकरा-बारा पुस्तकं लागोपाठ अशी वाचली की कुणी न सांगता डोक्यात बसतं की खरा पुरुष म्हणजे एकटा पुरुष.

आणखी एक, जे मला सगळ्यात जास्त लागलं. आमच्याकडे एक पोरगा होता हिंगोलीकडचा, पहाटे पाचला उठण्याबद्दलच्या प्रकरणाखाली त्याने पानभर रेघा मारल्यात. त्याचा बाप रात्री दोनला उठतो, कारण शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला येते, थंडीत अंधारात मोटार चालू करायला जातो, पिकाला पाणी द्यायला दारं मोडतो, सकाळी परत कामाला. वर्षानुवर्षं. पण पोराच्या डोक्यात बापाचं उठणं शिस्तीत मोजलं जात नाही, कारण बाप 'सक्सेसफुल' नाही. बाहेरचा कुणी अब्जाधीश पाचला उठतो तो आदर्श आणि आपला बाप दोनला उठतो तो बिचारा. हे शिकवलं कुणी?

आणि शेवटी अपयश. जागा काही शे, अर्ज लाखांनी, हा साधा हिशोब आहे. पण ज्याने पाच वर्षं 'तुझ्या आयुष्याला फक्त तूच जबाबदार' हे वाचलंय तो हा हिशोब करतच नाही. तो म्हणतो मी कमी पडलो, मी मर्दच नाही. हा शब्द मी स्वतः ऐकलाय, रडत रडत म्हटलेला.

तुम्ही कुणी विशी-पंचविशीत ही पुस्तकं वाचली असतील तर सांगा काय घेतलंत त्यातून. बाजूने विरोधात दोन्ही चालेल, पण स्वतःचं सांगा.

माळरान

सुन्न झालो वाचून. सविस्तर लिहितो रात्री.

मांजराकाठ

दादा तुमच्या भावना पोचल्या, पण मी दुसरी बाजू मांडतो. मी लातूर जिल्ह्यातला, घरात पहिला ग्रॅज्युएट. आमच्याकडे कसं बोलायचं हे शिकवायला कुणी नव्हतं. बाप्पांचा, म्हणजे वडिलांचा आवाज म्हणजे ओरडणंच, चुलते तसेच, पुरुष म्हटला की आवाज चढलेला असलाच पाहिजे. मुलाखतीत साहेबाने नाव विचारलं तरी मला घाम फुटायचा. डेल कार्नेगीचं १९३६ चं ते मित्र जोडण्याबद्दलचं पुस्तक एसटी स्टँडवर घेतलं मराठीत, तीस-चाळीस वेळा वाचलं असेल. त्यात काय आहे, समोरच्याचं नाव लक्षात ठेवा, त्याचं ऐकून घ्या, त्याला काय हवंय ते विचारा, चूक झाली तर लगेच कबूल करा. ह्यातलं एकही आमच्या घरातल्या पुरुषांनी केलेलं मी पाहिलं नव्हतं. पुस्तक वाचून मी एकदा आईला विचारलं तू जेवलीस का, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. आज बँकेत आहे, काउंटरवर म्हाताऱ्या माणसांशी नीट बोलतो, बायकोवर आवाज चढवत नाही. मला कडक नाही केलं त्या पुस्तकाने, मऊ केलं. त्यामुळे सगळ्यांना एका दावणीला बांधू नका ही विनंती.

पेठेतली_खिडकी

मांजराकाठ, तुम्ही जे लिहिलंय ते मला हवंच होतं, मनापासून धन्यवाद. एकशे चौदांत त्या पुस्तकाच्या नऊ कॉप्या आहेत आणि त्यातल्या रेघा खरंच वेगळ्या आहेत. एकाने 'ऐकून घ्या' असलेल्या ठिकाणी वडिलांचं नाव लिहिलंय.

साधी_कैरी

एका मुलीने इथे लिहिलं तर चालेल ना? कारण ही पुस्तकं मुलं वाचतात पण ती आमच्यावर वापरली जातात.

हिंजवडीत नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. टीममधला एक मुलगा, दिसायला बरा, कामात हुशार. पण बोलायला आला की आधी काहीतरी टोचून बोलायचा. "ड्रेस छान आहे, कालपण असलाच होता ना?" मग दोन दिवस ढुंकून बघायचं नाही, मग अचानक कॉफी. माझी झोप उडाली होती, मी काय चुकीचं केलं याचा विचार करत बसायचे. पुढे कळलं की ही पद्धत आहे, तिला नाव आहे, 'नेगिंग' म्हणतात, मुलीला थोडं खाली दाखवायचं म्हणजे ती तुमच्याकडून चांगलं ऐकायला धडपडते. नील स्ट्रॉस नावाच्या अमेरिकन पत्रकाराचं 'द गेम' २००५ मध्ये आलं, त्यातून हे सगळं जगभर पोचलं. हा माणूस माझ्याशी बोलतच नव्हता, पाठ केलेलं म्हणत होता. माझ्या जागी कुणीही चाललं असतं, हे समजल्यावर जो अपमान वाटला तो त्या टोमण्यांपेक्षा मोठा होता.

पण पुढचं पण सांगते. वर्षभराने तो प्रोजेक्ट सोडताना माझी माफी मागायला आला. म्हणाला मुलांची शाळा, मुलांचं हॉस्टेल, बावीसाव्या वर्षापर्यंत बहीण सोडून एका मुलीशी पाच मिनिटं बोललो नव्हतो, भीती वाटायची, हॉस्टेलला सिनिअरने ते पुस्तक दिलं. मला त्याचा राग यायचा तेवढा आला नाही. त्याला कुणीतरी फक्त इतकंच सांगायला हवं होतं की ती पण माणूसच आहे, जा आणि नाव सांग स्वतःचं. स्ट्रॉसने स्वतः २०१५ मध्ये दुसरं पुस्तक लिहिलं, त्यात स्वतःच्या नात्यांची कशी वाट लागली आणि उपचार घ्यावे लागले ते सगळं आहे. ते पुस्तक हॉस्टेलमध्ये कुणी कुणाला देत नाही.

रोखठोक

सगळे मुलांवरच तुटून पडलेत नेहमीप्रमाणे. २०२१ सालचे एनसीआरबीचे, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचे आकडे बघा, देशात १,६४,०३३ आत्महत्या, त्यात १,१८,९७९ पुरुष. ह्या पोरांच्या पाठीवर हात ठेवायला कोण आहे? घर म्हणतं कमव, समाज म्हणतो कमव, लग्नाच्या बाजारात शेतकरी मुलाला पोरगी मिळत नाही, सरकारी नोकरी असेल तरच बोला. अशा वेळी एखादं पुस्तक म्हणतं ऊठ, सरळ उभा राहा, खोली आवर, तू काहीतरी होऊ शकतोस, तर त्यातही खोट काढायची? मी स्वतः २०१९ ला फार वाईट अवस्थेत होतो. जॉर्डन पीटरसन या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाचं '१२ रूल्स' वाचून अंथरुणातून उठलो. माझ्यासाठी तेवढं पुरे आहे.

साधी_कैरी

रोखठोक, तुम्ही उठलात हे वाचून खरंच बरं वाटलं. कुणीही मुलांवर तुटून पडलेलं नाही हो. मला स्वतःला सख्खा लहान भाऊ आहे, चौथा अटेम्प्ट चालू आहे त्याचा, नांदेडला. फोनवर 'हो, नाही, बघू' याच्यापलीकडे बोलत नाही. म्हणून तर हा धागा दोनदा वाचला.

माळरान

रात्री लिहितो म्हटलं होतं, दोन दिवस गेले. मी सासवड भागातल्या माळावर लांडगे बघायला जातो, बरीच वर्षं झाली, मेंढपाळांशी ओळख आहे. त्यामुळे या पुस्तकांतला आणि रील्समधला 'अल्फा', म्हणजे सगळ्यांना हरवून कळपाचा पुढारी झालेला नर, हा शब्द आला की मला राहवत नाही.

रुडॉल्फ शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे बघून १९४७ मध्ये लिहिलं की कळपात वरच्या जागेसाठी झगडा असतो. हे लांडगे कोंडलेले, आणि पळून जायला जागा नाही. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाने १९७० च्या पुस्तकात तीच कल्पना घेतली आणि ती लोकांत पसरली. नंतर मेकने स्वतः कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर १९८६ पासून बारा-तेरा उन्हाळे रानातल्या लांडग्यांसोबत काढले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, ते कुणाला हरवून पुढारी झालेले नसतात, पिल्लं जन्माला घातली म्हणून पुढे असतात. स्वतःचं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला, २०२२ मध्ये ते एकदाचं थांबलं. अशी माणसं मला मोठी वाटतात.

नर लांडगा काय करतो माहितीये? मादी पिल्लांपाशी घळीत असते तेव्हा हा मैलोन्मैल जाऊन शिकार करतो, पोटात मांस घेऊन येतो आणि पिल्लांनी तोंडाशी तोंड लावलं की ओकून त्यांना भरवतो. मोठी भावंडं पण भरवतात. ज्या पोरांच्या मोबाईलच्या वॉलपेपरवर गुरगुरणारा लांडगा आहे त्यांना हे कुणी दाखवलेलं नाही. आणि रोखठोक, तुमच्या त्या पुस्तकातल्या पहिल्याच नियमात लॉबस्टरांच्या झगड्यावरून माणसाचं सांगितलंय, ते लॉबस्टर म्हणजे आपल्या शेवंडीच्या नात्यातले, त्यांच्याबद्दल एकच म्हणतो. त्यांचा आणि आपला समान पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे. सरळ उभं राहणं चांगलंच आहे, त्यासाठी कुणाला हरवायची गरज नाही.

रोखठोक

लांडग्याचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

कृष्णाकाठचा_म्हातारा

तुम्हा मुलांचं वाचत होतो. माझं वय ७१, मिरजेचा. आमच्या वेळी हे इंग्रजी प्रकार नव्हते, पण तरुण मुलांना 'घडवणारी' पुस्तकं होतीच. तालमीत जायचो तेव्हा एकाने ब्रह्मचर्याची पातळशी पुस्तिका दिली. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, तो गेला की स्मरणशक्ती गेली, डोळे गेले, पाठीचा कणा गेला. मी पंधरा वर्षांचा. पुढची आठ-नऊ वर्षं मी स्वतःला संपलेला माणूस समजत होतो. लग्न ठरलं तेव्हा मुलीला फसवतोय या भावनेने जेवण जात नव्हतं. कुणाला सांगणार? वडिलांना?

फार उशिरा कळलं की आपल्याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते आणि त्यात असल्याच भेदरलेल्या माणसांच्या पत्रांना सरळ शास्त्रीय उत्तरं देत होते, की बाबा घाबरू नकोस, यात काही रोग नाही. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला. १९३४ मध्ये कोर्टात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. कर्वे थांबले नाहीत, १९५३ साली जाईपर्यंत अंक काढत राहिले. मी त्यांच्या मृत्यूच्या आसपास जन्मलेला. ते अंक माझ्या हाती पंधराव्या वर्षी आले असते तर, असं अजून वाटतं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये या भीतीला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं, म्हणजे डॉक्टरांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

नातवाच्या टेबलावर नेपोलियन हिल यांचं १९३७ चं श्रीमंत होण्याचं पुस्तक दिसलं, चाळलं, तर त्यात एक अख्खं प्रकरण हेच, कामशक्ती वाया घालवू नका, ती यशाकडे वळवा, चाळिशीच्या आधी माणूस क्वचितच यशस्वी होतो कारण ती शक्ती उधळतो. अमेरिकेत छापलेली माझी पुस्तिकाच ती. आता मोबाईलवर 'नोफॅप' म्हणून हस्तमैथुन न केल्याचे दिवस मोजतात मुलं. नातवाला मी माझी गोष्ट सांगितली. अवघड गेलं. तो काही बोलला नाही, पण रात्री माझ्या खोलीत झोपायला आला.

माळरान

काका, नमस्कार करतो तुम्हाला.

मांजराकाठ

काका हे असं उघड लिहायला फार हिंमत लागते.

धागाकर्ते दादांना एक विचारायचंय. मग उपाय काय? पुस्तकं वाचायचीच नाहीत? की त्यांच्याऐवजी कथा-कादंबऱ्या वाचा असं सांगणार? एक पुस्तक काढून दुसरं पुस्तक हातात दिल्याने हिंगोलीच्या पोराचं एकटेपण जाईल असं मला वाटत नाही.

पेठेतली_खिडकी

मांजराकाठ, बरोबर विचारलंत, याच प्रश्नावर मी महिनाभर अडकलो होतो. मग या सगळ्या पुस्तकांचा आजोबा कोण म्हणून मागे गेलो. सॅम्युअल स्माइल्स, स्कॉटिश माणूस, पुस्तकाचं नावच 'सेल्फ-हेल्प', १८५९ साल. पहिल्या वर्षात वीस हजार प्रती खपल्या. मला वाटलं होतं 'स्वतःच्या हिमतीवर उभे राहा'चा झरा इथूनच. प्रस्तावना वाचली आणि हातातलं काम सोडून बसलो.

ते पुस्तक कसं जन्मलं ते त्याने सांगितलंय. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गावातली, लीड्सकडची गोष्ट, अगदी गरीब दोन-तीन तरुण हिवाळ्यात संध्याकाळी एकमेकांना शिकवायला जमायला लागले. ज्याला वाचता येतं तो वाचायला शिकवणार, ज्याला गणित येतं तो गणित. आधी एकाच्या झोपडीवजा घरातली खोली, माणसं वाढली म्हणून उन्हाळ्यात बागेत उघड्यावर, हिवाळा आला तशी जागा शोधायला लागली आणि मिळाली कुठली, तर कॉलऱ्याच्या साथीत तात्पुरता दवाखाना केलेली एक मोठी कळकट खोली. ती कुणी भाड्याने घेत नव्हतं, लोकांना रोगाची भीती. या पोरांनी घेतली. पुढे शंभरेक जण झाले आणि स्माइल्सला म्हणाले आमच्याशी थोडं बोलायला या. त्या बोलण्यातून पुस्तक झालं. म्हणजे 'सेल्फ-हेल्प'चा जन्म एका अभ्यासिकेत झाला, जिथे कुणीच एकटा अभ्यास करत नव्हता! मांजराकाठ, तुमचे कार्नेगी पण १९१२ पासून न्यूयॉर्कच्या वायएमसीए या तरुणांच्या ख्रिस्ती संस्थेत संध्याकाळचे वर्ग घ्यायचे, त्या वर्गांतूनच ते पुस्तक आलं. दोन्हीकडे आधी खोलीभर माणसं होती, पुस्तक मागून आलं. आपल्यापर्यंत फक्त पुस्तक पोचलं, खोली पोचली नाही.

स्माइल्स काही संत नव्हता, त्याच्या पुस्तकात बायका जवळपास नाहीतच, गरिबी म्हणजे माणसाची स्वतःची कसूर असं वाटायला लावणारी पानं भरपूर आहेत. पण त्याने नंतरच्या आवृत्तीत स्वतःच तक्रार केली की नाव वाचून लोकांना हे स्वार्थाचं कौतुक वाटतं, स्वतःला मदत करण्यातच शेजाऱ्याला मदत करणं आलं. आणि शेवटच्या प्रकरणात खरा सभ्य पुरुष कसा ओळखायचा ते लिहिलंय. तो आपल्या हाताखालच्यांशी कसा वागतो, बायका-मुलांशी कसा वागतो, त्यावरून. पुरुषाची ही कसोटी माझ्या एकशे चौदांपैकी किती पुस्तकांत असेल? मी तरी मोजक्याच ठिकाणी पाहिली.

मग मी काय केलं ते सांगतो. तळमजल्यावरच्या चार सीट काढल्या. महिन्याची फी गेली, घरी बोलणी झाली, पण काढल्या. तिथे सतरंजी टाकली. दर बुधवारी मेस झाल्यावर ज्याला यायचं त्याने यायचं, दुसऱ्याला एक विषय शिकवायचा, आणि वर एक नियम, त्या आठवड्यात घरच्या कुणाशी काय बोलणं झालं ते सांगायचं. पहिल्या बुधवारी तिघे आले आणि इकॉनॉमिक्सवरच बोलले. चौथ्या बुधवारी एकजण म्हणाला बाबांना फोन केला होता, रात्रीच्या लाईटचं विचारलं, ते अर्धा तास बोलले, आयुष्यात पहिल्यांदा. मग सगळेच आपापल्या बापांचं बोलायला लागले, साडेबारा वाजले. आता सतरा जण येतात. 'मर्दच नाही' म्हणणारा पण येतो, भूगोल शिकवतो, फार छान शिकवतो.

पुस्तकं रद्दीत दिली नाहीत. तिथेच खालच्या फळीवर आहेत, रेघांसकट. नवीन पोरं चाळतात आणि जुन्या पोरांनी समासात लिहिलेलं मोठ्याने वाचतात.

कृष्णाकाठचा_म्हातारा

ताईच्या लग्नाला न गेलेल्या मुलाचं पुढे काय झालं?

पेठेतली_खिडकी

काका, त्याची निवड नाही झाली. गावाकडे दूध संकलन केंद्र चालवतो. मी फोन केला होता गेल्या महिन्यात, पुस्तक सापडलं म्हणून सांगितलं. बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला सर ते पान फाडून टाका. मी म्हटलं ताईशी बोलतोस का? म्हणाला भाची झालीय, दर रविवारी जातो.

पान फाडलंय.

साधी_कैरी

डोळे भरून आले.

दादा, माझा भाऊ पुढच्या महिन्यात मेन्सच्या क्लाससाठी पुण्यात येतोय. तुमच्याकडे सीट आहे का ते माहीत नाही, पण बुधवारी बाहेरच्या मुलाला येता येईल का?

पेठेतली_खिडकी

येऊ दे की ताई. सीट लागत नाही त्याला. रात्री साडेनऊ. मेसेज करतो पत्ता.

रोखठोक

मला पण पाठवा. मी कोथरूडला असतो. अटेम्प्ट वगैरे काही नाही, वय ३४ आहे. चालेल का?

पेठेतली_खिडकी

चालेल. काय शिकवणार ते ठरवून या.